टायगरचं किट, सेंचुरियनचं लोखंड आणि कर्नल तारापोर

माझ्या टेबलावर दोन रणगाडे उभे आहेत. दोन्ही प्लॅस्टिकचे, दोन्ही १:३५ प्रमाणातले, म्हणजे खऱ्या रणगाड्याचे ३५ सेंटिमीटर ते माझ्याकडे एक सेंटिमीटर. एक जर्मन टायगर, दुसरा ब्रिटिश सेंचुरियन. दिवसभर लॅपटॉपवर कोड लिहायचा आणि रात्री जेवण झाल्यावर चिमटा आणि पॉलिश पेपर घेऊन बसायचं, असा माझा दोन वर्षांचा उद्योग. बिलोलीत हा छंद असलेला दुसरा माणूस मला अजून भेटलेला नाही. कुरियरवाला खोका देताना दरवेळी विचारतो की लहान मुलांचं खेळणं इतकं महाग कसं.

सुरुवात टायगरनंच झाली. या छंदात बहुतेकांची तशीच होते. दुकानांच्या यादीत सर्वात लांब रांग दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन अवजड रणगाड्यांची असते: टायगर, किंग टायगर, एलिफंट, माउस. खरे टायगर जेमतेम १,३५० च्या आसपास बनले. किटमधले किती बनले असतील याचा हिशोबच नाही. जपानच्या टामिया कंपनीनं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाड्याचं मोटारवर चालणारं मॉडेल काढलं. आत दोन बॅटऱ्या बसतील एवढा आकार धरला, तो निघाला १:३५. आज जगभर रणगाड्यांच्या किटचं हेच प्रमाण झालंय. एका बॅटरीच्या डब्यामुळं ठरलेलं स्टँडर्ड! आमच्या सॉफ्टवेअरमध्येही अशी बरीच स्टँडर्ड्स आहेत, पण तो विषय नंतर कधी.

किट जोडताना जी शिकवण मिळते ती वाचून मिळत नाही. सुरुवातीच्या टायगरला एका बाजूला २४ चाकं, तीही एकमेकांत अडकवलेली. दोन्ही बाजूंची मिळून ४८ चाकं घासून साफ करताना माझे दोन रविवार गेले. वजन ५७ टन, ते जमिनीवर नीट पसरावं म्हणून ही रचना. कागदावर हुशारी, पण आतलं एक चाक बदलायचं तर बाहेरची कितीतरी आधी काढा. रशियात चाकांच्या फटीत अडकलेला चिखल रात्रीत गोठायचा आणि सकाळी गाडी हलायची नाही. पावसाळ्यात आमच्याकडच्या काळ्या रानात ज्यानं ट्रॅक्टर घातलाय त्याला हे समजावून सांगायची गरज नाही.

टायगरची खरी दहशत त्याच्या ८८ मिलिमीटर तोफेची. विमानं पाडायला बनवलेली ही तोफ रणगाड्यांवर रोखली तेव्हा समोरच्या बहुतेक रणगाड्यांचं पोलाद तिच्यापुढं पुरेना. त्या जातीची एक जर्मन तोफ आपल्या महाराष्ट्रातच आहे. अहिल्यानगरच्या, म्हणजे जुन्या अहमदनगरच्या, रणगाडा संग्रहालयात. पुण्याहून एसटीनं जाऊन मी ती बघून आलो. तिथंच सेंचुरियनही उभा आहे, आणि माझं पुढचं किट तिथंच ठरलं.

कारण सेंचुरियनचा जन्मच त्या तोफेमुळं झाला. १९४३ मध्ये ब्रिटिशांनी नव्या रणगाड्याचा आराखडा मागवला तेव्हा त्यांची एक अट होती, ८८ मिलिमीटरचा थेट मार झेलता आला पाहिजे. उपाय निघाला भूमितीत. टायगरचं पुढचं पोलाद १०० मिमी जाड, पण जवळजवळ उभं. सेंचुरियनच्या पुढच्या भागाचं पोलाद ७६ मिमीच, पण उभ्या रेषेपासून साधारण ५७ अंश मागं कललेलं. समोरून सरळ येणाऱ्या गोळ्याला ते तिरकं कापावं लागतं. ७६ भागिले कोसाइन ५७, म्हणजे जवळपास १४० मिमी. पातळ पत्र्यातून जास्त जाडी, शिवाय गोळा घसरून जायची शक्यता वेगळीच. पहिले सहा सेंचुरियन १९४५ च्या मे महिन्यात युरोपात पोचले तोवर युद्ध संपलं होतं. टायगरसाठी बनवलेल्या रणगाड्याला टायगर भेटलाच नाही.

मग तो भेटला कुणाला? भारतानं १९५० च्या दशकात सेंचुरियन घेतले. ते ज्या माणसाच्या हाताखाली सर्वात मोठ्या परीक्षेला बसले, तो माणूस आमच्याच संस्थानच्या फौजेतून आलेला. किट जोडायला घेईपर्यंत मला हे माहीत नव्हतं, याची लाज वाटली. म्हणून हा लेख.

निजामाच्या फौजेतला पारशी

अर्देशीर बुर्झोरजी तारापोर यांचा जन्म १८ ऑगस्ट १९२३ चा, मुंबईतला. घराण्याची आठवण अशी सांगितली जाते की पूर्वज रतनजीबा शिवाजी महाराजांच्या सेवेत होते, त्यांना शंभर गावं इनाम मिळाली आणि त्यातलं मुख्य गाव तारापूर. हो, तेच अणुवीज केंद्राचं तारापूर. पुढं आजोबा हैदराबादला निजामाच्या अबकारी खात्यात नोकरीला गेले आणि कुटुंब तिकडचं झालं. अर्देशीर मात्र सात वर्षांचे असताना पुण्याच्या सरदार दस्तूर शाळेच्या वसतिगृहात आले. तिथूनच १९४० मध्ये मॅट्रिक झाले, शाळेचे कॅप्टनही होते.

गोवळकोंडा आणि बंगळूर इथं प्रशिक्षण घेऊन १९४२ च्या जानेवारीत ते हैदराबाद संस्थानच्या सातव्या पायदळ पलटणीत अधिकारी झाले. मन मात्र पायदळात रमेना, त्यांना चिलखती दल हवं होतं. बदली कशी मिळाली ते ऐका. एकदा हातबॉम्ब फेकण्याचा सराव चालू होता आणि संस्थानच्या फौजेचे सेनापती मेजर जनरल एल एद्रूस पाहणीला आले होते. एका नवख्या जवानाच्या हातून बॉम्ब नीट सुटला नाही, तो खंदकातच पडला. तारापोरांनी उडी घेतली, बॉम्ब उचलून बाहेर भिरकावला. तो हवेत फुटला आणि तुकडे त्यांच्या छातीत घुसले. एद्रूस यांनी त्यांना बोलावून शाबासकी दिली. तारापोरांनी ती संधी साधून तिथंच चिलखती दलात बदली मागून घेतली! मिळाली ती पहिल्या हैदराबाद लान्सर्समध्ये. ही पलटण दुसऱ्या महायुद्धात पश्चिम आशियात होती.

इथं मला थांबावं लागतं, कारण मी बिलोलीचा आहे. आमचा नांदेड जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. माझे आजोबा १९४८ साली दहा-बारा वर्षांचे होते. निजाम म्हटलं की त्यांना रझाकार आठवतात, रात्री घर सोडून रानात लपलेलं आठवतं. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी तर आपल्या लातूरातच वकिली करायचा. निजामाच्या फौजेतल्या अधिकाऱ्यावर लिहितोय म्हटल्यावर आजोबा दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. रझाकार ही खासगी संघटना आणि संस्थानची फौज वेगळी, हे मी त्यांना सांगितलं. ते खरंही आहे. पण ज्यानं लहानपणी ते दिवस काढले त्याला असला फरक किती पटणार? मी जास्त वाद घातला नाही.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरलं, १७ तारखेला संस्थाननं हार मानली. एल एद्रूस यांनी ज्यांच्यापुढं शरणागती पत्करली ते होते मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी. हे नाव लक्षात ठेवा. पुढं संस्थानच्या फौजेतल्या निवडक अधिकाऱ्यांना भारतीय सैन्यात घेतलं, त्यात तारापोर होते. १९५१ मध्ये ते पूना हॉर्समध्ये आले. ही पलटण १८१७ साली पेशव्यांशी झालेल्या तहानंतर उभी राहिलेली. निजामाच्या लान्सर्समधून थेट इथं. जुन्या अधिकाऱ्यांच्या जमलेल्या घोळक्यात बाहेरून आलेल्याला जागा मिळवावी लागते. कंपनी बदललेल्या कुणालाही याची थोडीफार कल्पना येईल. त्यांनी ती मिळवली. सेंचुरियनचं शिक्षण घ्यायला त्यांना इंग्लंडला पाठवलं गेलं, आणि १९६५ उजाडलं तेव्हा लेफ्टनंट कर्नल तारापोर त्याच पूना हॉर्सचे कमांडिंग ऑफिसर होते.

फिल्लोरा ते बुतुर डोगरांडी

१९६५ च्या सप्टेंबरमध्ये भारतानं सियालकोट भागात चढाई केली. पाकिस्तानकडं अमेरिकन पॅटन रणगाडे होते, त्या काळातलं नवं यंत्र. ९० मिमी तोफ, अंतर मोजायला दोन भिंगांची दुर्बीण आणि एम ४८ मध्ये तर नेम काढायला यांत्रिक संगणक. सिलिकॉनचा नाही, दातेरी चाकांचा, पण काम गणिताचंच. आपला सेंचुरियन वजनानं ५० टनांच्या वर, वेग ताशी जेमतेम ३५ किलोमीटर. त्याचं मिटिऑर इंजिन म्हणजे स्पिटफायर विमानाच्या मर्लिन इंजिनाचा जमिनीवरचा भाऊ. चालत्या गाडीत तोफ स्थिर ठेवणारी जायरो यंत्रणा ही त्याची मोठी ताकद.

कागदावर तुलना केली तर पॅटन पुढं वाटतो. मात्र ती भिंगांची दुर्बीण नीट वापरायला खूप सराव लागतो. बारीक धूळ, ऊस, समोरून गोळे, आणि हातात काही सेकंद. अशा वेळी गुंतागुंतीचं यंत्र सराव नसलेल्या माणसाला उलट अडवतं. टायगरच्या चाकांचं जे झालं तेच. सेंचुरियनच्या तोफखान्याची पद्धत साधी होती आणि पूना हॉर्सनं ती घोटून घेतली होती. माझ्या मते लढाईतला खरा फरक इथं पडला, लोखंडाच्या जाडीत कमी. किट जोडणारे आम्ही लोक पोलादाच्या मिलिमीटरवर तासन् तास भांडतो आणि आत बसलेल्या चार माणसांना विसरतो.

११ सप्टेंबरला फिल्लोरा घेण्यासाठी मुख्य चिलखती हल्ला पूना हॉर्सवर सोपवला होता. फिल्लोरा आणि चाविंडा यांच्या मधून मागच्या बाजूनं वळसा घालत असताना वझीरवालीकडून शत्रूचे रणगाडे त्यांच्यावर चालून आले. तारापोरांनी जागा सोडली नाही. तो हल्ला परतवला आणि रणगाड्यांचा व तोफांचा मारा चालू असतानाच फिल्लोऱ्यावर चाल केली. त्यात ते जखमी झाले. मागं दवाखान्यात जायला त्यांनी नकार दिला. फिल्लोरा त्याच दिवशी पडलं.

रणगाड्याच्या कमांडरला झाकण बंद करून आत बसता येतं. पण आतून दिसतं ते काचेच्या फटींतून, पत्र्याच्या डब्याला भोकं पाडून बघावं तसं. बाजूनं कोण येतंय ते कळत नाही. म्हणून चांगले कमांडर डोकं बाहेर काढून उभे राहतात, आणि म्हणूनच ते जास्त मरतात. किटच्या खोक्यात कमांडरचा कमरेपर्यंतचा पुतळा देतात तो याच कारणानं. टायगरमध्ये मी तो बसवला नव्हता, रंगवायचा कंटाळा आला होता.

१४ तारखेला जखमी अवस्थेतच पलटणीच्या पुढं राहून त्यांनी वझीरवाली घेतलं. १६ सप्टेंबरला जस्सोरान आणि बुतुर डोगरांडी. पायदळाला चाविंड्यावर मागून हल्ला करता यावा म्हणून ही ठिकाणं धरून ठेवणं भाग होतं. तारापोरांच्या रणगाड्यावर अनेकदा गोळे आदळले, तरी ते हलले नाहीत. त्याच दिवशी त्यांना मरणाची जखम झाली. पलटण त्यानंतरही लढत राहिली. परमवीर चक्राच्या सरकारी नोंदीप्रमाणे पूना हॉर्सनं शत्रूचे सुमारे ६० रणगाडे नष्ट केले, स्वतःचे नऊ गमावले. चाविंडा मात्र हाती आलं नाही, २३ सप्टेंबरला युद्धबंदी झाली. हे लिहिलं नाही तर गोष्ट अर्धी राहील.

आपण पडलो तर अंत्यसंस्कार रणांगणावरच करावेत, असं त्यांनी आपल्या सहकाऱ्याला आधीच सांगून ठेवलं होतं, आणि तसंच केलं गेलं. वय ४२. त्या वेळी देशाचे लष्करप्रमुख होते जनरल चौधुरी. सतरा वर्षांपूर्वी हैदराबादची शरणागती घेणारे तेच.

त्या युद्धात परमवीर चक्र दोघांना मिळालं, अब्दुल हमीद आणि तारापोर. परमवीर मिळालेल्यांमध्ये पदानं सर्वात वरचे तारापोरच. २०२३ मध्ये अंदमान-निकोबारमधल्या एका बेटाला त्यांचं नाव दिलं. एवढ्या प्रसिद्ध माणसाचं नाव आमच्या भागात मात्र, निदान माझ्या कानावर तरी, शाळेत कधी आलं नाही.

सेंचुरियन जोडायला टायगरपेक्षा सोपा गेला, चाकांच्या सहाच जोड्या एका बाजूला. नव्यानं करणाऱ्यांसाठी एक सूचना. या किटचा गोंद चिकटवत नाही, तो पॉलिस्टायरीन विरघळवतो आणि दोन्ही भाग एकमेकांत मुरतात. जास्त लावला तर बारीक कडा वितळून जातात. टायगरच्या मागच्या बाजूला माझ्या अंगठ्याचा ठसा कायमचा उमटलाय तो त्यामुळं. थेंब लहान ठेवा, आणि मे महिन्यात पंख्याखाली करू नका.

या वेळी कमांडरचा पुतळा मी आधी रंगवला. खाली पसरायला मांजरेची वाळू चाळून आणली होती, पण ती फार जाड निघाली, या प्रमाणात एकेक कण दगडाएवढा दिसतो. शेवटी शेतातली माती वस्त्रगाळ करून वापरली. काम संपलं सप्टेंबरच्या १६ तारखेला. मुद्दाम नाही, ऑफिसचं रिलीज लांबल्यामुळं. दुसऱ्या दिवशी मराठवाडा मुक्तिदिन. आजोबा सकाळी झेंडावंदनाला गेले, येऊन चहा पीत टेबलापाशी थांबले आणि यातला तो कोणता म्हणून विचारलं. मी सेंचुरियन दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ त्या दोन सेंटिमीटरच्या माणसाकडं पाहिलं, आणि त्याला फेटा कसा नाही म्हणून विचारलं. मी म्हटलं, पारशी होते. मग खुर्ची ओढून बसले आणि सगळं पहिल्यापासून सांग म्हणाले.