मोत्यांचे पारखी रायचंदभाई

लग्नसराई जवळ आली की घाटकोपर, मुलुंड, बोरिवली आणि अंधेरीच्या सराफी दुकानांतून मोत्यांच्या नथी, तन्मणी, चिंचपेट्या दर्शनी भागात मांडल्या जातात. सोन्याचा भाव फलकावर लिहिलेला असतो आणि त्याच्या शुद्धतेची ग्वाही हॉलमार्कचा शिक्का देतो. मोत्याचे तसे नाही. त्याला रोजचा जाहीर भाव नाही आणि समुद्रातून आलेला मोती व मुलामा दिलेला काचेचा मणी यांतील फरक सामान्य गिऱ्हाइकाला नुसत्या नजरेने उमगणे अवघड. विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला नसते, हा या व्यवहाराचा मूळ स्वभाव आहे.

सुमारे १३० वर्षांपूर्वी मुंबईच्या जवाहीर बाजारात एक तरुण व्यापारी होऊन गेला. जाणकाराच्या बाजूला बसूनही समोरच्याच्या अज्ञानाचा भाव वसूल करण्याचे त्याने नाकारले. श्रीमद् राजचंद्र या नावाने ते पुढे ओळखले गेले. उपनगरांतील अनेक गुजराती जैन कुटुंबांत त्यांच्याविषयी मोठा पूज्यभाव आहे. मराठी वाचकाची त्यांच्याशी ओळख मात्र बहुधा महात्मा गांधींच्या आत्मकथेतील एका प्रकरणापुरती असते आणि ते मोत्यांचे पारखी होते, ही गोष्ट तर बहुतेकांच्या ध्यानातही नसते.

रायचंदभाईंचा जन्म ९ नोव्हेंबर १८६७ रोजी, कार्तिकी पौर्णिमेला, सौराष्ट्रातील मोरबीजवळच्या ववाणिया या बंदराच्या गावी झाला. वडील रवजीभाई मेहता, आई देवबाई. आजोबा कृष्णभक्त, तर आई जैन संस्कारांत वाढलेली, त्यामुळे घरात दोन्ही परंपरा नांदत होत्या. शाळेतील सात वर्षांचा अभ्यासक्रम या मुलाने दोन वर्षांत संपविला, असे त्यांची चरित्रे सांगतात. तेराव्या वर्षापासून ते वडिलांच्या दुकानावर बसू लागले. माप आणि तराजू यांच्याशी जडलेले हे नाते पुढे जवळजवळ वीस वर्षे टिकले.

त्यांचे नाव प्रथम गाजले ते मात्र व्यापारासाठी नव्हे, स्मरणशक्तीसाठी. एकाच वेळी अनेक गोष्टींकडे लक्ष ठेवून त्या सर्व अचूक परत सांगण्याच्या विद्येला अवधान म्हणतात. २२ जानेवारी १८८७ रोजी धोबीतलावच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी शतावधानाचा, म्हणजे अशी शंभर अवधाने एकाच बैठकीत करण्याचा प्रयोग केला. तेव्हा त्यांचे वय अवघे १९ होते. वृत्तपत्रांनी त्याची दखल घेतली, युरोपात जाऊन प्रयोग करण्याचे निमंत्रणही त्यांना मिळाले. त्यांनी ते नाकारले आणि थोड्याच काळात असे जाहीर प्रयोग करणेही थांबविले. आत्मशोधाच्या वाटेवर ही कीर्ती आड येते, असे त्यांना वाटत होते. प्रसिद्धीच्या ऐन दारात उभे राहून मागे फिरणे विसाव्या वर्षी किती जणांना जमले असते, हा प्रश्न मनात येतोच.

१८८८ मध्ये झबकबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. झबकबाईंचे चुलते रेवाशंकर जगजीवन झवेरी हे मुंबईतले जवाहीर. लग्नानंतर लवकरच रायचंदभाई त्यांच्या भागीदारीत हिरे-मोत्यांच्या धंद्यात उतरले. आजची उपनगरे तेव्हा साष्टी बेटावरची भातशेतीची गावे होती. घाटकोपर, अंधेरी किंवा बोरिवली येथे आगगाडी थांबे एवढेच त्यांचे महत्त्व. बाजार सगळा दक्षिणेला, कोटाबाहेरच्या दाट वस्तीत होता.

त्या काळातील मुंबई ही जगातील मोत्यांची एक मोठी पेठ होती. बहारीन, कुवेत आणि इराणच्या आखातातील इतर बंदरांतून उन्हाळ्याच्या महिन्यांत होड्या निघत. पाणबुडे नाक चिमट्याने बंद करून एका दमात तळाशी जात आणि शिंपले वर आणत. हंगाम संपला की अरब व्यापारी मोत्यांची पुडकी घेऊन मुंबईला येत. येथे मोती निवडले जात, त्यांना वेज पाडले जाई, सारख्याला सारखा जुळवून सर तयार होत आणि मग माल संस्थानिकांच्या दरबारी किंवा लंडन-पॅरिसला रवाना होई. आपल्याकडे ज्याला बसरा मोती म्हणतात तो याच आखातातला. बसरा हे केवळ एका बंदराचे नाव त्याला चिकटले. हा व्यापार इतका घट्ट होता की आखातातील बंदरांत हिंदुस्थानचा रुपया सर्रास चाले.

या बाजारात नजर तयार व्हायला वर्षे लागत. हिऱ्याला पैलू पाडता येतात, मोत्याला काहीच करता येत नाही. तो शिंपल्यातून निघतो तसाच विकायचा असतो. म्हणून पारख हेच भांडवल. शिंपल्यातील जीव आपल्या अंगातल्या उपद्रवावर चुनखडीयुक्त द्रव्याचे पातळ थर एकावर एक चढवत जातो. या थरांतून प्रकाश परावर्तित होऊन जी आतून आल्यासारखी झळाळी दिसते तिला पाणी म्हणतात. पारखी आधी पाणी बघतो, मग गोलाई, रंगाची छटा, कातडीवरचे डाग वा खळगे आणि शेवटी आकार. सरासाठी जुळणी ही आणखी वेगळी कसोटी, कारण एकसारखे पन्नास मोती जमविण्यात हंगामामागून हंगाम जात.

भावाचा हिशेब तर सामान्य माणसाला चक्रावून टाकणारा. मोत्याची किंमत वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, वजनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दुप्पट वजनाचा तसाच मोती चौपट किमतीचा ठरतो. हे मोजण्यासाठी मुंबईच्या बाजाराने चव नावाचे एकक वापरले. मोत्यांचे एकूण वजन रतींत घ्यायचे, त्याचा वर्ग करायचा, मोत्यांच्या संख्येने भागायचे आणि एका ठरलेल्या अपूर्णांकाने गुणायचे. वीस रती वजनात दहा मोती बसले तर वर्गाला भागून चाळीस येतात, तेवढ्याच वजनात वीस मोती असतील तर वीस. वजन तेच, किंमत निम्मी. हा हिशेब ज्याला येत नाही तो बाजारात किती सहज फसू शकेल, हे वेगळे सांगायला नको.

रायचंदभाईंची स्मरणशक्ती, आकडेमोड आणि नजर या धंद्यासाठीच घडविल्यासारखी होती. पेढीचा कारभार लाखोंचा होता. त्यांच्या सचोटीच्या कथा अनुयायांच्या ग्रंथांत भक्तिभावाने सांगितल्या जातात आणि त्यांना थोडा अलौकिकाचा रंगही चढला आहे. त्यातील एक कथा मात्र मोत्यांचा बाजार समजून घ्यायला विशेष उपयोगी आहे.

मुंबईत एक अरब व्यापारी आपल्या धाकट्या भावासह मोत्यांचा व्यापार करीत असे. एके दिवशी धाकट्याला वाटले, आपणही थोरल्यासारखा एखादा मोठा सौदा करून दाखवावा. विक्रीसाठी आलेला माल घेऊन तो बाजारात गेला. दलालाने त्याची गाठ रायचंदभाईंशी घालून दिली. भाव ठरला, रोकड मोजून दिली गेली, मोती पेढीत आले. धाकटा आनंदाने घरी परतला, तर थोरल्याने कपाळाला हात लावला. मालाच्या मालकाचे पत्र होते की अमुक भावाखाली हे मोती विकू नयेत आणि सौदा त्याहून बराच खाली झाला होता. घाबरलेला धाकटा पेढीवर आला आणि त्याने सारी हकिकत सांगितली. कायद्याने सौदा पक्का होता, नफाही मोठा होता. रायचंदभाईंनी मोत्यांचे पुडके जसेच्या तसे त्याच्या हाती ठेवले, आपली रक्कम परत घेतली आणि जणू सौदा झालाच नाही असे मानून ते आपल्या कामाला लागले.

दुसरी कथा हिऱ्यांची. ठरलेल्या भावाने ठरलेल्या मुदतीत माल देण्याचा करार एका व्यापाऱ्याने त्यांच्याशी केला होता. मुदतीपूर्वी भाव भडकले आणि करार पाळायचा तर त्या व्यापाऱ्याचे घरदार विकावे लागेल अशी वेळ आली. रायचंदभाई स्वतः त्याच्या दुकानी गेले आणि कराराचा कागद त्यांनी फाडून टाकला.

या कथांवरून ते भोळे होते असा समज करून घेणे चुकीचे ठरेल. त्यांना जवळून पाहणाऱ्या गांधीजींनी लिहून ठेवले आहे की हिऱ्या-मोत्यांची पारख ते अत्यंत बारकाईने करीत आणि समोरचा लबाडी करीत असेल तर ती त्यांच्या तत्काळ लक्षात येई. जो फसू शकत नाही त्याने फसवायचे नाही असे ठरविणे, यालाच येथे अर्थ आहे.

गांधीजींशी त्यांची भेट जुलै १८९१ मध्ये झाली. बॅरिस्टर होऊन गांधीजी नुकतेच विलायतेहून परतले होते. रेवाशंकरभाईंचे बंधू डॉ. प्राणजीवन मेहता यांनी दोघांची ओळख करून दिली. गांधीजींनी युरोपीय भाषांतील आपल्याला येत असलेले शब्द सांगून त्यांच्या स्मरणशक्तीची परीक्षा घेतली आणि रायचंदभाईंनी सर्व शब्द त्याच क्रमाने परत सांगितले. गांधीजींवर खरा प्रभाव पडला तो याचा नव्हे. रायचंदभाईंच्या गादीशेजारी हिशेबाच्या वह्यांबरोबर एखादा धर्मग्रंथ आणि रोजनिशी असे. लाखोंचा सौदा आटोपला की ते लगेच तो ग्रंथ किंवा ती रोजनिशी उघडत. धर्म मंदिरात आणि व्यवहार दुकानात अशी वाटणी त्यांना मान्य नव्हती. तरीही गांधीजींनी त्यांना रूढ अर्थाने गुरू मानले नाही, हेही नोंदविले पाहिजे. १८९४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत धर्मविषयक शंकांनी ते अस्वस्थ झाले, तेव्हा त्यांनी २७ प्रश्न लिहून पाठविले ते रायचंदभाईंनाच. पुढे टॉलस्टॉय आणि रस्किन यांच्याबरोबर आपल्यावर खोल ठसा उमटविणाऱ्यांत त्यांनी रायचंदभाईंचा समावेश केला. त्यातही पहिल्या दोघांचा ठसा पुस्तकांतून उमटला होता, रायचंदभाईंचा प्रत्यक्ष सहवासातून.

हे दुहेरी आयुष्य सोपे मात्र नव्हते. संसार आणि व्यापार सोडण्याची ओढ त्यांना वर्षानुवर्षे होती, आणि जबाबदारीही सुटत नव्हती. मधूनमधून ते मुंबई सोडून गुजरातमधील खेडोपाडी एकांतात जात. अशाच एका मुक्कामात, १८९६ मध्ये नडियादला, त्यांनी १४२ गाथांचे आत्मसिद्धिशास्त्र एका बैठकीत लिहिले. १८९९ च्या सुमारास त्यांनी व्यापारातून अंग काढून घेतले, पण तोवर प्रकृती ढासळली होती. ९ एप्रिल १९०१ रोजी राजकोट येथे, वयाच्या ३३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. रेवाशंकरभाईंचा गांधीजींशी स्नेह कायम राहिला. गावदेवीतले त्यांचे मणिभवन हे घर १९१७ ते १९३४ या काळात गांधीजींचे मुंबईतील मुक्कामाचे ठिकाण होते.

रायचंदभाईंनी पाहिलेला बाजारही फार काळ उरला नाही. ते मुंबईत मोती निवडीत होते त्याच वेळी, १८९३ मध्ये, जपानच्या कोकिची मिकिमोतो यांनी शिंपल्यात मुद्दाम बीज ठेवून अर्धगोल मोती पिकविण्यात यश मिळविले. पुढे पूर्ण गोल संवर्धित मोती १९२० च्या दशकात जगाच्या बाजारात आले, पाठोपाठ १९२९ ची मंदी आली आणि आखातातील मोत्यांचा धंदा कोसळला. आज उपनगरांतील दुकानांत मिळणारे बहुतेक खरे मोती संवर्धित असतात, त्यातही चीनमधील गोड्या पाण्याचे अधिक. ते खोटे नव्हेत. शिंपल्यानेच ते घडविलेले असतात. मात्र नैसर्गिक बसरा मोत्याचा भाव त्यांना देणे म्हणजे फसणे. दातावर हलके घासले असता खरा मोती किंचित खरखरीत लागतो, काचेचा गुळगुळीत. पण या जुन्या युक्तीने नैसर्गिक आणि संवर्धित यांतला फरक कळत नाही. तो क्ष-किरण तपासणीतच उघड होतो. महागडा सर घेताना प्रयोगशाळेचा दाखला मागणे म्हणूनच आवश्यक.

उलट बाजूचा धोका जुन्या दागिन्यांचा. पणजीच्या नथीतले किंवा कुड्यांमधले मोती १९२० पूर्वीचे असतील तर ते बसरा असण्याची शक्यता बरीच असते. असा दागिना मोडीत देताना सराफ सोन्याचे वजन धरतो आणि मोत्यांचे वजन वजा करतो. पिवळट पडलेले ते लहान मणी अनेकदा तसेच दुकानात राहतात. मोडीत देण्याआधी मोती सोडवून घ्यावेत, मऊ सुती कापडात वेगळे ठेवावेत आणि तपासून झाल्यावरच त्यांचे काय करायचे ते ठरवावे.