रामभाऊ म्हाळगी : तुरुंगातूनही प्रश्न विचारणारे आमदार

निवडून आल्यावर आमदाराने मतदारांना कामाचा हिशेब द्यावा, असे कायद्याचे बंधन नाही. रामभाऊ म्हाळगी यांनी ते स्वतःवर घालून घेतले होते.

कोण होते म्हाळगी?
जन्म १९२१चा, पुणे जिल्ह्यातील कडूसचा. संघाचे स्वयंसेवक, पेशाने वकील. १९५७ मध्ये मावळमधून ते जनसंघाचे आमदार झाले. पुढे १९६७ आणि १९७२ मध्ये पुण्यातून विधानसभेत गेले.

भूमिका काय होती?
जनसंघ उजव्या विचारांचा पक्ष. समान नागरी कायदा आणि कलम ३७० हटवणे या त्याच्या ठळक मागण्या. तरीही १९५७ मध्ये मराठी राज्यासाठी हा पक्ष संयुक्त महाराष्ट्र समितीत कम्युनिस्ट आणि समाजवाद्यांच्या सोबतीने लढला.

वेगळेपण कशात?
संख्याबळ नसलेल्या विरोधी आमदाराच्या हाती मुख्य हत्यार म्हणजे प्रश्न. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागते, त्यावर उपप्रश्नही येतात. म्हाळगींनी हे हत्यार सतत वापरले. दरवर्षी कामाचा छापील अहवालही ते मतदारांपुढे ठेवत. आणीबाणीत येरवडा तुरुंगात असतानाही त्यांनी विधानसभेकडे प्रश्न पाठवणे थांबवले नाही.

पुढे काय झाले?
१९७७ आणि १९८० मध्ये ते ठाण्यातून लोकसभेवर गेले. १९८२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांच्या नावाने प्रबोधिनी सुरू झाली. लोकप्रतिनिधींना प्रशिक्षण देणे हे तिचे एक मुख्य काम आहे. म्हाळगींचा विचार पटो वा न पटो, वार्षिक अहवाल मात्र कोणत्याही पक्षाच्या आमदाराकडे मागता येतो.