रिबन विणणाऱ्याच्या पोराने स्वातंत्र्यावर अख्खं तत्त्वज्ञान उभं केलं

आपले निर्णय आपणच घेतो, की परिस्थिती आपल्याकडून ते घेऊन घेते? या प्रश्नाने जर्मनीतल्या एका गरीब पोराला पछाडलं होतं. त्याचं नाव योहान गॉटलीब फिश्टे.

जन्म १७६२ चा, सॅक्सनीतल्या रामेनाऊ गावचा. वडील रिबन विणायचे. असं सांगतात की, एका रविवारी एका जहागीरदाराचं चर्चमधलं प्रवचन चुकलं. ते या पोराने जसंच्या तसं म्हणून दाखवलं. खूश होऊन जहागीरदाराने त्याच्या शिक्षणाचा खर्च उचलला. पुढे ही मदत थांबली, पदवी राहिली आणि फिश्टे शिकवण्या करू लागला.

तेव्हा त्याला वाटायचं, सगळं आधीच ठरलेलं आहे. १७९० मध्ये एका विद्यार्थ्याला कांट शिकायचा होता. शिकवायचं म्हणून फिश्टेने कांट वाचला आणि त्याचं मतच पालटलं. कांटचं म्हणणं असं की, निसर्ग नियमांनी बांधलेला आहे. पण कर्तव्याची जाणीव होते, तेव्हा आपण स्वतंत्र आहोत हेही कळतं.

१७९१ मध्ये तो थेट कांटला भेटायला गेला. स्वागत थंडच झालं. मग त्याने काही आठवड्यांत एक ग्रंथ लिहून कांटपुढे ठेवला. १७९२ मध्ये तो लेखकाच्या नावाशिवाय छापला गेला. लोकांना वाटलं, कांटनेच लिहिलाय. कांटने खरा लेखक सांगितला आणि फिश्टे एकदम प्रसिद्ध झाला.

१७९४ मध्ये येना विद्यापीठात त्याने कांटच्या पुढचं पाऊल टाकलं. त्याच्या मते सुरुवात जगापासून नाही, तर स्वतः कृती करणाऱ्या 'मी'पासून होते. पण हा 'मी' एकटा स्वतंत्र होत नाही. समोरच्याने मला स्वतंत्र मानावं लागतं आणि मी त्याला. शेलिंग आणि हेगेल याच वाटेने पुढे गेले.

पण स्वतः फिश्टे इथेच कमी पडला. १७९३ मध्ये त्याने ज्यूंना नागरी हक्क द्यायला विरोध केला होता. बर्लिनमध्ये फ्रेंच फौजा असताना त्याने जर्मन राष्ट्रावर दिलेली व्याख्यानं पुढे कडव्या राष्ट्रवाद्यांनी वापरली.

त्याआधी, १७९९ मध्ये, नास्तिकतेच्या आरोपावरून येनातली नोकरी गेली होती. पुढे तो बर्लिन विद्यापीठाचा पहिला निवडून आलेला कुलगुरू झाला.

१८१४ मध्ये सैनिकांची शुश्रूषा करताना पत्नी योहानाला टायफस झाला. ती वाचली, पण तिच्याकडून लागण झालेला फिश्टे ५१ व्या वर्षी गेला. चार वर्षांनी त्याच्या जागी प्राध्यापक म्हणून हेगेल आला.