हॅटीबाई मॅकडॅनियल

मागच्या स्मरणिकेत मी लोणच्यांविषयी लिहिले होते. यंदा एका बाईंविषयी लिहिते. ‘गॉन विथ द विंड’ या इंग्रजी बोलपटाचे नाव आपल्यापैकी पुष्कळ जणींनी ऐकले असेल. मार्गारेट मिचेल या अमेरिकन बाईंची हजार पानांची कादंबरी १९३६ साली निघाली आणि १९३९ साली तिच्यावर हा बोलपट झाला. जवळजवळ चार तासांचा आणि सबंध रंगीत! खर्चाला तर हात आखडताच घेतला नाही. अटलांटा शहर जळताना दाखवायचे म्हणून स्टुडिओतले जुने देखावे खरोखरच पेटवून दिले. पाहणाऱ्याचे डोळे नायिका स्कार्लेटच्या झग्यांवर खिळतात. माझ्या मनात मात्र भरली ती तिच्या कमरेच्या नाड्या आवळणारी, तिला चार शब्द सुनावणारी काळी दाई. ते काम हॅटी मॅकडॅनियल यांनी केले.

हॅटीबाईंचा जन्म १८९३ साली कॅन्सस प्रांतातल्या विचिटा गावी झाला. भावंडांत त्या शेंडेफळ. आईवडील दोघेही जन्माने गुलाम; वडील यादवी युद्धात उत्तरेच्या फौजेतून लढलेले. घरी गरिबी, पण आईचा गळा गोड, तोच लेकीला मिळाला. पुढे डेन्व्हरला असताना शाळा सोडून त्या भावाच्या फिरत्या खेळांत गाऊ लागल्या. १९२९ ची मंदी आली आणि मिलवॉकी शहरातल्या एका क्लबात त्यांना प्रसाधनगृहाच्या दाराशी चाकरी करावी लागली. गाण्याची संधी मिळाली ती तिथेच, मागाहून. १९३१ साली त्या लॉस एंजेलिसला गेल्या. सिनेमात काम नसेल तेव्हा दुसऱ्यांच्या घरी धुणे-पुसणे, आणि काम मिळाले की पडद्यावरही बहुधा मोलकरीणच!

दाईच्या कामाने त्यांचे नाव झाले. पण १९३९ च्या डिसेंबरात अटलांटाला बोलपटाचा पहिला खेळ थाटात झाला, तेव्हा त्यांना तिथे जाता आले नाही. त्या प्रांतात काळ्यांनी गोऱ्यांच्या पंक्तीस बसायचे नाही असा कायदाच होता. २९ फेब्रुवारी १९४० रोजी ऑस्कर समारंभ झाला. हॉटेलात काळ्यांना मज्जाव. निर्मात्याने रदबदली केली तेव्हा कुठे त्यांना आत घेतले. तेही इतर नटनट्यांपासून दूर, भिंतीजवळच्या लहान टेबलाशी. तिथून उठून जाऊन त्यांनी साहाय्यक अभिनेत्रीचे ऑस्कर घेतले. हा मान मिळवणारी ती पहिली काळी व्यक्ती. दुसऱ्या काळ्या अभिनेत्रीला ऑस्कर मिळायला १९९१ साल उजाडले!

त्यांच्या समाजातल्या पुढाऱ्यांनी त्यांना दोष दिला, की नेहमी मोलकरणीच का रंगवता? बोलपटात गुलामगिरी गोडगोड करून दाखवली आहे, हे खरेच आहे. पण ज्या बाईने स्वतः भांडी घासली तिला दुसरे काम कोणी देऊ केले होते? दोष द्यायचा तर देणाऱ्याला द्यावा, असे आपले माझे मत.

शिवाय ही बाई नुसती सोसणारी नव्हती. लॉस एंजेलिसच्या शुगर हिल भागात त्यांनी मोठे घर घेतले. काळ्यांनी इथे राहू नये म्हणून गोऱ्या शेजाऱ्यांनी फिर्याद केली. हॅटीबाई इतर काळ्या बिऱ्हाडांना बरोबर घेऊन कोर्टात उभ्या राहिल्या आणि १९४५ साली दावा जिंकल्या. आपले घर आपल्याला राहिले, यापरते सुख बाईला कोणते? ऑस्करपेक्षा मला या गोष्टीचे अधिक कौतुक वाटते.

१९४७ पासून रेडिओवर त्यांची ‘ब्यूला’ घरोघर पोचली. तीही मोलकरीणच, पण कार्यक्रमाची नायिका. २६ ऑक्टोबर १९५२ रोजी स्तनाच्या कर्करोगाने त्या गेल्या. हॉलिवूडच्या दफनभूमीत आपल्याला पुरावे अशी त्यांची इच्छा होती. काळ्या म्हणून तिथे जागा नाकारली. शेवटी रोझडेल दफनभूमीत त्यांना माती मिळाली. त्याच हॉलिवूडच्या दफनभूमीत १९९९ साली त्यांचे स्मारक उभारले गेले.

आपले ऑस्कर त्यांनी मृत्युपत्राने हॉवर्ड विद्यापीठाला दिले होते. ते तिथून कसे नाहीसे झाले हे कोणालाच उमगले नाही. अखेर २०२३ च्या ऑक्टोबरात ऑस्कर देणाऱ्या संस्थेने तसेच दुसरे करवून विद्यापीठाच्या हवाली केले.