लोकशाहीर अण्णा भाऊ साठे आणि आमच्या मुलांची कला

शाळेच्या उन्हाळी कला शिबिराची सांगता पालकांसमोर होणाऱ्या मुलांच्या कार्यक्रमाने होते. मेहकर, लोणार, सिंदखेडराजा या भागांतून येणाऱ्या पालकांपैकी काही जाणती मंडळी आम्हाला एक रास्त प्रश्न विचारतात. बाबासाहेबांच्या शिकवणुकीमुळे आपल्या वाडवडिलांनी जातीने लादलेली वाजवण्या-नाचण्याची कामे टाकून दिली. मग तीच हलगी पुन्हा मुलांच्या हाती का द्यावी? या प्रश्नाचे उत्तर आम्हाला अण्णा भाऊ साठे यांच्या चरित्रात सापडते.

तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव येथे, आजच्या सांगली जिल्ह्यात, मातंग कुटुंबात झाला. शाळा त्यांच्या वाट्याला जेमतेम दीड दिवस आली. या दीड दिवसाचा उल्लेख पुष्कळदा कौतुकाने केला जातो. आम्हाला मात्र तो तत्कालीन समाजव्यवस्थेवरील आरोप वाटतो. पोटासाठी कुटुंब पायी मुंबईला निघाले. तेथे मिळेल ती मजुरी करीत या मुलाने दुकानांच्या पाट्या आणि चित्रपटांच्या जाहिराती पाहून अक्षरे जुळवली.

पुढे काही काळ गावी परतल्यावर ते नातलग बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात रमले. कवन रचणे, सवाल-जवाब, समोरच्या श्रोत्यांची नाडी ओळखणे हे सारे ते तेथे शिकले. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या साथीने त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. त्याच सुमारास स्टालिनग्राडच्या लढ्यावरील त्यांचा पोवाडा गाजला होता. गिरणगावातील कामगार आपल्याच जगण्याची कथा मंचावर पाहू लागले.

अण्णा भाऊंनी तमाशाचा साचा घेतला, पण त्याचा मालक बदलला. गणातील देवतेच्या जागी त्यांनी मायभूमीला आणि तिच्यासाठी झिजणाऱ्यांना वंदन केले. पाटला-सावकाराच्या करमणुकीचा खेळ त्याच पाटला-सावकाराला जाब विचारू लागला. ‘अकलेची गोष्ट’ आणि ‘देशभक्त घोटाळे’ ही लोकनाट्ये याची साक्ष देतात. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही त्यांची शाहिरी गर्जत राहिली.

त्यांचा झेंडा लाल होता, हे आम्ही झाकून ठेवीत नाही. तरीही २ मार्च १९५८ रोजी मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनीच केले आणि ही पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नसून श्रमिकांच्या तळहातावर तरली आहे, असा विचार तेथे मांडला. १९५९ साली प्रसिद्ध झालेली ‘फकिरा’ ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार लाभला. त्याच वर्षी त्यांनी रशियाचा प्रवास केला. एवढी कीर्ती मिळूनही घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडी आणि दारिद्र्य त्यांच्या सोबतीला राहिले. १८ जुलै १९६९ रोजी, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आता पालकांच्या प्रश्नाकडे वळू. वाडवडिलांनी हलगी खाली ठेवली, ते योग्यच केले; कारण ती हुकमाची होती. ती कधी वाजवायची, कोणासाठी वाजवायची, हे वाजवणाऱ्याला ठरवता येत नव्हते. आमच्या शिबिरात मुले आधी इतिहास वाचतात, मग स्वतः संहिता लिहितात आणि त्यानंतरच हलगीला हात लावतात. जो वाजवू इच्छित नाही, त्याच्यावर सक्ती नसते. आणि वाजवण्याचे काम कोणत्याही जातीच्या मुलाकडे आपोआप जात नाही.

अण्णा भाऊंना शाळेने दार लावून घेतले म्हणून फड हीच त्यांची शाळा झाली. आमच्या मुलांना या दोहोंतून एकाची निवड करावी लागू नये, यासाठीच ही निवासी शाळा आहे. सांगतेच्या कार्यक्रमाला येणाऱ्या आई-वडिलांनी आपल्या लेकरांचा आवाज ऐकावाच. पण त्यांच्या हातच्या वह्याही आवर्जून उघडून पाहाव्यात, एवढीच आमची विनंती आहे.