वेशीबाहेरच्या मुली

इंदूरच्या छत्रीबागेतून आम्ही रविवारी उपासनेला जातो, तेव्हा निमाड-झाबुआकडून कामाच्या शोधात आलेली, डोक्यावर बोचकी घेतलेली कुटुंबे पुष्कळदा वाटेत भेटतात. एकदा रविवारच्या शाळेतील एका मुलाने आम्हांला विचारले की, ही माणसे रात्री निजतात कुठे? आम्हांला उत्तर देता आले नाही. त्या दिवशी नेमलेला पाठ बाजूला ठेवून आम्ही वर्गाला पंडिता रमाबाईंची हकीकत सांगितली. आपली मुले त्यांना पवित्र शास्त्राचे भाषांतर करणाऱ्या विदुषी म्हणून ओळखतात. पण त्याही एके काळी उपाशीपोटी अशीच वाट तुडवीत होत्या, हे सांगायचे आपण शिक्षक विसरतो.

रमाबाईंचा जन्म 1858 सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत कुटुंबासह तीर्थोतीर्थी हिंडत. मद्रास इलाख्यातील दुष्काळात आधी ते गेले, मग आई अंथरुणाला खिळली. तिने भाकरीचा तुकडा मागितला. सोळा-सतरा वर्षांची रमा शेजारच्या दारी उभी राहिली, पण तोंडातून शब्द फुटेना. कसाबसा मिळालेला तुकडा घेऊन ती परतली, तेव्हा आईला तो खाण्याचीही शक्ती उरली नव्हती. प्रेताला खांदा द्यायला पुरेशी माणसे मिळाली नाहीत. ठेंगण्या रमेचा खांदा इतरांच्या खांद्याला पुरेना, म्हणून तिने आपल्या वाट्याचा भार डोक्यावर घेतला.

पुढे कलकत्त्याचा सन्मान, विवाह आणि लवकरच वैधव्य, 1883 साली इंग्लंडात बाप्तिस्मा, 1889 साली मुंबईत शारदासदन, हे सारे वाचकांना ठाऊक आहे. 1896 साली मध्यप्रांतात दुष्काळ पडल्याची बातमी आली, तेव्हा रमाबाई पुण्यात होत्या. त्या ताबडतोब धावल्या असे आपण वर्गात सांगतो, पण ते खरे नव्हे. हाती पैसा नाही, अंगी बळ नाही, शेकडो जणींना आपण काय पुरे पडणार, अशी कारणे त्यांनी स्वतःला सांगून पाहिली. हे त्यांनी स्वतःच प्रांजळपणे लिहून ठेवले आहे, आणि आम्हांला त्यांच्याविषयी सर्वांत जवळीक वाटते ती इथे. मिसर देशातील दास्याची आठवण ठेव, ही इस्राएलाला दिलेली आज्ञा त्यांच्या मनाला टोचत राहिली. अखेर त्या निघाल्या.

सरकारी कामांवर आणि गरीबखान्यांत त्यांनी जे पाहिले ते उपासमारीहूनही वाईट होते. मूठभर धान्यासाठी तरुण विधवा व अनाथ मुली दुष्ट माणसांच्या हाती लागत होत्या. प्रभूने आपल्याला तीनशे मुली वाचवायला सांगितले आहे, अशी रमाबाईंची खात्री झाली. हळूहळू तेवढ्या आल्याही.

पण तेव्हा पुण्यात प्लेग होता. नव्या मुलींना शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. साथीच्या दिवसांत अशा हुकुमाला कारण नव्हते असे आम्ही म्हणत नाही; पण वेशीबाहेर उभ्या असलेल्या त्या हाडांच्या सापळ्यांचे काय करावे, हे हुकुमात नव्हते. आपल्या प्रभूनेही वेशीबाहेरच दुःख सोसले. पुण्यापासून सुमारे 34 मैलांवर केडगाव येथे रमाबाईंनी फळबागेसाठी जमीन घेतली होती. तिथे तात्पुरता निवारा उभारून त्यांनी मुलींना नेले. काही आजारी होत्या, काही चोरून खात, काही वाचल्याच नाहीत.

त्याच वर्षी, 1897 साली, पुण्याच्या प्लेग इस्पितळात स्त्रियांची होणारी दुर्दशा त्यांनी मुंबईच्या एका ख्रिस्ती साप्ताहिकात मांडली. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी त्यांचे म्हणणे खोडून काढले. राज्यकर्ते ख्रिस्ती होते म्हणून रमाबाई गप्प बसल्या नाहीत.

दुष्काळाचा फायदा घेऊन मुली बाटवल्या, ही टीका त्यांच्यावर झाली. ती कानाआड करणे बरे नव्हे. भुकेल्याच्या संमतीविषयी आपण फार जपून बोलावे. मात्र त्या छावण्यांतून या मुलींना न्यायला फार थोडे लोक आले होते.

1900 साली गुजरात-राजपुतान्यात दुष्काळ पडला. आमचा सुपीक माळवाही त्या वर्षी सुटला नाही. केडगावच्या मुक्तिसदनातील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. कन्या मनोरमा अंध मुलींना ब्रेल शिकवीत असे. 1921 साली ती वारली, आणि 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईही गेल्या. त्यांच्या भाषांतराचे खिळे केडगावच्या छापखान्यात मुक्तिसदनाच्या मुलींनीच जुळवले.