वाकड्या आरशाचा नाटककार

साठी ओलांडल्यावर लिहिण्याची जुनी सवय सुटता सुटत नाही, हे मी स्वतःवरून सांगतो. म्हणूनच स्पेनच्या रामोन देल व्हाये-इन्क्लान यांचे मला अप्रूप. १८६६ साली गॅलिसियात जन्मलेल्या या गृहस्थाने १९०२ ते १९०५ दरम्यान ‘सोनाता’ या चार कादंबऱ्या लिहिल्या. त्यांत सरदारी प्रेमप्रकरणे आणि भाषा तर रेशमी! (डावा हात त्याआधीच, १८९९ मध्ये, माद्रिदच्या कॅफेतील भांडणात गेला होता.)

पुढे महायुद्ध झाले, स्पेनमध्ये संप आणि गोळीबार सुरू झाले. ते रेशीम त्यांनी टाकून दिले. १९२० साली, चौपन्नाव्या वर्षी, ‘बोहेमियाचे दिवे’ हे नाटक साप्ताहिकातून आले. माद्रिदमधल्या एका आंधळ्या, कफल्लक कवीची ती अखेरची रात्र. वाकड्या आरशात दिसावीत तशी त्यातली माणसे. या शैलीला त्यांनी ‘एस्पेर्पेंतो’ म्हटले. १९२४ च्या पुस्तकात तीन प्रवेश वाढवले. कोठडीतला कामगार आणि गोळीने मेलेले तान्हे मूल त्यांतलेच. मला हे वाढवलेले प्रवेशच नाटकाचा प्राण वाटतात.

१९२७ मध्ये हुकूमशहा प्रिमो दे रिव्हेराच्या सरकारने त्यांचे एक नाटक जप्त केले, १९२९ मध्ये त्यांना तुरुंगातही टाकले. जानेवारी १९३६ मध्ये ते वारले. ‘बोहेमियाचे दिवे’ स्पेनच्या व्यावसायिक रंगभूमीवर आले ते थेट १९७० साली.